हार्लेममधले बिऱ्हाड

न्यू यॉर्कला जाऊन आलेल्या माणसाने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याविषयी चार शब्द सांगितले नाहीत, तर तो तिकडे गेलाच नव्हता असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, पुतळा पाहिला. बोटीवर वारा फार होता आणि हिची शाल समुद्रार्पण होता होता वाचली. पुतळ्याचे प्रकरण इथे संपले.

मला सांगायचे आहे ते हार्लेमविषयी. तेही सगळ्या हार्लेमविषयी नव्हे. तिथल्या एका बिऱ्हाडाविषयी, आणि गंमत अशी की ते बिऱ्हाड मी पाहिलेलेच नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे मुलाकडे गेलो होतो. तो न्यू जर्सीत एडिसनला राहतो. एडिसन म्हणजे थोडेसे आपले दादरच. ओक ट्री रोडवर दुधी भोपळ्यापासून मंगळसूत्रापर्यंत सारे काही मिळते आणि दुकानदार ‘काका’ म्हणून हाक मारतो. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी वाणसामान आणायच्या निमित्ताने मुलाने मला एकट्यालाच गाडीत घातले. तेव्हाच मी ओळखले की, सामान हे निमित्त आहे.

“बाबा, तुम्ही तिच्याशी बोला,” तो म्हणाला. “माझं ऐकत नाही ती.”

ती म्हणजे माझी नात. वय वर्षे सतरा, शाळेचे शेवटचे वर्ष. मुलीचे गणित उत्तम, विज्ञान उत्तम; आणि तिला कॉलेजात जाऊन शिकायचे होते काय, तर जॅझ पियानो!

“पियानो वाजवू नको असं कोण म्हणतंय? पण चार वर्षं एवढी फी भरून तेच शिकायचं? पुढे पोट कसं भरणार? तुम्ही नाही का पेटी वाजवत होतात? सोडलीतच ना? काही बिघडलं का?”

मी “बोलतो” म्हणालो. काही बिघडले का, या प्रश्नाचे उत्तर मात्र भोपळा निवडण्याच्या गडबडीत राहून गेले.

इथे पेटीविषयी थोडे सांगायला हवे. आमचे बिऱ्हाड गिरगावात, दोन खोल्यांचे. मी दहाव्या वर्षी पेटीला हात लावला आणि विशी उलटेपर्यंत साथीला बसू लागलो. गणपतीत, सत्यनारायणाला, पुढे पुढे बऱ्यापैकी गवयांच्या मागे. १९७५ साली एका गायकांनी सहा महिन्यांच्या दौऱ्यावर बरोबर चल म्हणून विचारले. वडिलांनी विषय एका वाक्यात मिटवला. “जे वाद्य सरकारी रेडिओने घरात घेतलं नाही, त्याच्यावर तू संसार करणार?” आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये उठली होती; परंतु वडिलांपर्यंत ते वृत्त पोचले नसावे, किंवा पोचूनही त्यांनी ते दाखल करून घेतले नसावे. पुढल्याच वर्षी मी बँकेत लागलो. छत्तीस वर्षे नोकरी केली. पेटी माळ्यावर आहे.

मी नातीला गाठले तेव्हा तिने माझे पुरते ऐकूनसुद्धा घेतले नाही. “बाबांनी पाठवलं ना तुम्हांला? ठीक आहे. तुम्ही मला समजवा. पण आधी एक दिवस माझ्याबरोबर हार्लेमला चला आणि एक रेकॉर्ड ऐका. मग बोला काय ते.” अट रास्त होती. शिवाय बँकेत राहिलेल्या माणसाला कागदपत्रे पाहिल्याशिवाय अभिप्राय देता येत नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही आजोबा-नात निघालो. हिने डब्यात पोळीभाजी दिली आणि “तिकडे जपून हो” असे दोनदा बजावले. हार्लेमविषयी तिने कधीकाळी पाहिलेल्या इंग्रजी चित्रपटांचा तो परिणाम. एडिसनहून आगगाडीने न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला तासाभरात पोचलो आणि तिथून भुयारी रेल्वेच्या ‘ए’ गाडीत बसलो. या गाडीवर जॅझमध्ये एक प्रसिद्ध रचना आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदासाठी ती बिली स्ट्रेहॉर्नने बांधली. आपल्याकडे विरार फास्टवर अजून कोणी ठुमरी केली नाही, ही उणीव मला त्या क्षणी जाणवली. एकोणसाठाव्या रस्त्यावरून ही गाडी सुटते ती मधली सगळी स्टेशने टाळून एकदम एकशे पंचविसाव्या रस्त्यावर थांबते. जिना चढून वर आलो, तो हार्लेम.

पहिली छाप सांगायची तर ती लालबागची. रुंद पदपथ, त्यावर अत्तरे, टोप्या, पुस्तके मांडून बसलेले विक्रेते, दुकानांतून बाहेर सांडणारी गाणी आणि कोणालाच कसली घाई नाही. मूळचे हे डच लोकांनी वसवलेले गाव. हॉलंडातल्या हार्लेमचे नाव त्यांनी इथे आणले. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली काळी माणसे इथे राहू लागली आणि १९२०-३० च्या सुमारास साऱ्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ही राजधानी झाली. कवी, चित्रकार, वकील, वाजवणारे सारे इथेच. आता नव्या काचेच्या इमारतीही उठल्या आहेत आणि भाडी वाढल्यामुळे जुनी माणसे बाहेर चालली आहेत. गिरगावकराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच रस्त्यावर अपोलो थिएटर आहे. १९३४ साली सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड तिथे नवशिक्यांच्या स्पर्धेत उभी राहिली आणि बक्षीस घेऊन गेली. रंगमंचाच्या कडेला एका झाडाचा बुंधा ठेवलेला असतो. पूर्वी सातव्या अॅव्हेन्यूवर एक झाड होते. काम मिळावे म्हणून कलावंत त्याला हात लावून जात. रस्ता रुंद करताना झाड गेले, बुंध्याचा तुकडा राहिला. अजून नवा कलावंत त्याच्यावरून हात फिरवूनच पुढे होतो. औदुंबर सगळीकडेच असतात. “सतरा वर्षांची,” असे नातीने पुन्हा एकदा सांगितले. मी ऐकले नाही असे दाखवले.

तिथून पूर्वेला चालत आम्ही एकशे सव्विसाव्या रस्त्यावर आलो. मोठ्या रस्त्याचा गलबला एकदम मागे राहिला. दोन्ही बाजूंना तपकिरी दगडाची, पुढे उंच पायऱ्या असलेली घरे. एका साध्या घरापुढे नात थांबली. “हे सतरा नंबर.”

१२ ऑगस्ट १९५८ रोजी, ‘एस्क्वायर’ मासिकासाठी, आर्ट केन नावाच्या तरुणाने या पायऱ्यांवर जॅझचे सत्तावन्न वादक आणि गायक एकत्र उभे करून एकच छायाचित्र घेतले. वेळ सकाळची. रात्री तीन-चारपर्यंत वाजवणाऱ्या लोकांना सकाळी गोळा करायचे म्हणजे काय, याची कल्पना करावी! नातीने ते छायाचित्र फोनवर काढले आणि आम्ही समोरच्या पदपथावरून घर आणि चित्र जुळवू लागलो. काउंट बेसी पदपथाच्या कडेला बसला आहे आणि त्याच्या ओळीत गल्लीतली पोरे बसली आहेत. थेलोनियस मंक काळा चष्मा लावून. मेरी लू विल्यम्स आणि मारियन मॅकपार्टलंड शेजारी शेजारी. विली स्मिथ हा जुना जाणता पियानोवाला, लोक त्याला ‘द लायन’ म्हणत, तोही त्या दिवशी आला होता. पण उभे राहून कंटाळला आणि शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला. जे छायाचित्र अखेर छापले, त्यात तो नाही. चौसष्ट वर्षांनी मला त्याच्याविषयी चुकचुकल्यासारखे झाले.

“यातले आता दोघेच आहेत,” नात म्हणाली. “हा बेनी गोल्सन आणि हा सनी रॉलिन्स.” ऑक्टोबर २०२२ मध्ये ते खरे होते. गोल्सन सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. ती बातमी मला नातीनेच फोन करून सांगितली.

रॉलिन्सचे नाव ऐकून मी चमकलो. वाचकहो, हा गृहस्थ आपल्या पवईला राहून गेला आहे! साठीच्या दशकाच्या अखेरीस वाजवणे थांबवून तो योग आणि वेदान्त शिकायला पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. आणि १९७८ साली धोबीतलावाला, झेवियर कॉलेजच्या मागे रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो वाजवायला आला. मी त्या वेळी बँकेत दोन वर्षांचा झालो होतो. तिकीट काढायची ऐपत नव्हती असे नाही; काढायचा धीर नव्हता. संगीताच्या जवळ जायचे नाही असे मी ठरवून टाकले होते. तरी संध्याकाळी घरी जाताना पाय त्या भिंतीपाशी थांबले. आत सॅक्सोफोन चालला होता. दोन तास मी बाहेर उभा राहून ऐकला. वाजवणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. हे मी घरात कधी कोणाला सांगितले नव्हते. त्या पदपथावर नातीला सांगितले.

ती काही बोलली नाही. दोन रस्ते मागे मार्कस गार्वी पार्क आहे, तिथे आम्ही बाकावर बसलो, डबा उघडला, आणि तिने कानात घालायचे एक बोंडूक मला दिले, एक स्वतः घेतले. “आता ऐका.”

ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘फ्यूचर स्ट्राइड’. ती २९ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. वाजवणारा एमेट कोहेन, जन्म १९९०. तिसऱ्या वर्षी सुझुकी पद्धतीने पियानो शिकू लागला, वाढला न्यू जर्सीतल्याच माँटक्लेअरला. २०१९ मध्ये अमेरिकन पियानिस्ट्स असोसिएशनचा पुरस्कार मिळाल्यापासून त्याचे नाव वर येऊ लागले. बासवर रसेल हॉल, ड्रमवर काइल पूल. काही रचनांत शिकागोचा मार्कीस हिल ट्रम्पेटवर आणि चिलीची मेलिसा अल्दाना सॅक्सोफोनवर. पाच माणसे, विजेची करामत नाही, गाणाऱ्याची भानगड नाही. या प्रकाराला तिकडे ‘स्ट्रेट-अहेड’ म्हणतात. आपण म्हणू, नाकासमोर चालणारा जॅझ.

मला त्यातले काय कळणार, असे माझ्या मनात होते. पण साथीदाराचे कान बरे असतात. पहिल्या पाच मिनिटांत रीत उमगली. आधी सगळे मिळून बंदिश मांडतात. मग त्या बंदिशीच्या मात्रांचे आणि तिच्या स्वरसंगतींचे आवर्तन आतल्या आत चालूच राहते, आणि एकेक जण त्या आवर्तनावर आपला विस्तार करतो. माणसाएवढे उंच उभे बास दर मात्रेला एक स्वर टाकीत चालत असते, ड्रमवाल्याची झांज लय झुलवत ठेवते. सम हातावर मोजून दाखवत नाहीत, पण ती चुकली तर सगळ्यांना कळते. शेवटी पुन्हा बंदिश. ख्यालाला हे नाते लांबचे का होईना, पण भाऊबंदकीतले आहे.

एक गोष्ट मात्र अगदी उलटी. आपल्याकडे पेटीवाल्याने गवयाच्या पाठोपाठ सावलीसारखे जायचे. गवई गेला तिथे आपण जायचे, अर्धी मात्रा मागून. ट्रम्पेट वाजू लागले तेव्हा हा कोहेन काय करतो ते मी कान देऊन ऐकले. तो मागून जातच नव्हता. हात उचलून गप्प राही आणि ट्रम्पेटवाल्याने श्वास घेतला की त्या फटीत दोन स्वरपुंज असे ठेवी, की पुढला उडी मारण्याआधीच त्याच्या पायाखाली फळी यावी. मी काही वर्षे साथ केली. पण अशी साथ असू शकते हे मला सत्तराव्या वर्षी, पोळीभाजी खाताना कळले.

तबकडीवर जुने बरेच आहे. पहिलीच रचना १९२८ ची, लुई आर्मस्ट्राँग ज्या वाद्यवृंदात वाजवी त्याची. एक १९१९ मधल्या गाण्यावरची. एक ड्यूक एलिंग्टनने जिमी ब्लँटन या बासवाल्याबरोबर १९४० मध्ये दोघांतच वाजवलेली. ब्लँटन पुढे दोनच वर्षांत, तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. आणि त्यांच्या शेजारी कोहेनच्या स्वतःच्या. त्यांतली एक २०१९ मध्ये वारलेल्या लॉरेन्स लेदर्स या ड्रमवाल्या मित्रासाठी. शोकाची रचना म्हणून मी मान खाली घालून तयार राहिलो, तर ती चक्क नाचरी निघाली. “त्याला तसंच आवडलं असतं म्हणून,” नात म्हणाली.

मला वाटले होते, तिशीतला पोरगा शंभर वर्षांपूर्वीचे वाजवतो म्हणजे संग्रहालयातली वस्तू पुसून मांडत असेल. तसे नव्हते. याने म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून घेतले आहे. म्हाताऱ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करण्याची त्याने एक मालिकाच चालवली. पहिल्या भागात जिमी कॉब, माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा ड्रमवाला, पुढे बासवाले रॉन कार्टर, आणि तिसऱ्यात ते फोटोतले बेनी गोल्सन. म्हणजे सतरा नंबरच्या त्या पायरीवरून थेट या बोंडकापर्यंत तार ओढलेली होती. आपण तिला परंपरा म्हणतो आणि नंतर तिच्यावर परिसंवाद भरवतो.

“पण मी याला पहिल्यांदा इथे नाही ऐकलं,” नात म्हणाली. आणि मग तिने बिऱ्हाडाची गोष्ट सांगितली.

२०२० च्या मार्चमध्ये न्यू यॉर्क बंद पडले. क्लब बंद, मैफली रद्द. कोहेनचे बिऱ्हाड हार्लेममध्ये. त्याने काय करावे? सोमवारी संध्याकाळी बास आणि ड्रम घरातच बोलावले, सूट-टाय चढवले, एक कॅमेरा उभा केला आणि दिवाणखान्यातून वाजवायला सुरुवात केली. जगात कोणीही घरबसल्या ऐकावे, देता येईल त्याने पैसे द्यावेत. पुढे पुढे पाहुणे वादक येऊ लागले, म्हातारे आले, नवखे आले. सोमवारचा तो नेमच झाला. आमची नात तेव्हा पंधरा वर्षांची, शाळा बंद, शिकवणी बंद, एडिसनच्या घरात चारी भिंतींत. दर सोमवारी ती आपल्या पियानोपाशी फोन ठेवून त्याच्याबरोबर वाजवायची. “बाबांना वाटतं, मी हे आत्ता ठरवलं,” ती म्हणाली.

ते बिऱ्हाड नेमके कुठल्या इमारतीत, हे तिला ठाऊक नव्हते आणि मी शोधूही दिले नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावायचे नसते. परंतु त्यामुळे एक झाले. पुढे चालताना जी जी विटांची इमारत, जी जी लोखंडी जिन्याची खिडकी दिसे, ती तीच असावी असे वाटू लागले.

शेवटी आम्ही एकशे तेहतिसाव्या रस्त्यावर पोचलो. आज तिथे मुद्दाम पाहण्यासारखे फारसे नाही. घरे, झाडे, उभ्या केलेल्या मोटारी. दारूबंदीच्या काळात मात्र याच गल्लीत घरोघर चोरटे पिठे होते आणि प्रत्येकात पियानो. तो फोटो चुकवणारा विली स्मिथ इथलाच. बिली हॉलिडे गायला लागली तीही याच गल्लीत.

आणि इथेच मला त्या तबकडीच्या नावाचा उलगडा झाला. हार्लेममध्ये त्या काळी काळ्या भाडेकरूंकडून भाडे जास्त घेत आणि त्यांची मिळकत कमी. महिनाअखेर आली की, एखादी बाई घरातले सामान बाजूला सारी, कोंबडी तळी, छापील चिठ्ठ्या वाटून लोकांना बोलावी आणि दाराशी माणशी पाव डॉलर किंवा त्याच्या आसपास काही घेई. पियानोवाला आणला की झाला जलसा! पहाटेपर्यंत लोक नाचत आणि सकाळी भाडे चुकते होई. लँग्स्टन ह्यूज या मोठ्या कवीने अशा निमंत्रणाच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. आता त्या दोन खोल्यांत वाद्यवृंद मावणार कुठे आणि त्याला द्यायला पैसा कुठला? म्हणून एकट्या पियानोवाल्यानेच वाद्यवृंद व्हायचे. डावा हात पहिल्या मात्रेला खाली खर्जात स्वर टाकतो, दुसरीला उडी मारून मध्यात स्वरपुंज वाजवतो, तिसरीला पुन्हा खर्ज, चौथीला पुन्हा वर. बास आणि ड्रम दोन्ही तो एकच हात. उजवा मोकळा, वाटेल तसा खेळायला. ही ढांगा टाकणारी चाल, म्हणून तिचे नाव स्ट्राइड. जेम्स पी. जॉन्सन हा तिचा महर्षी. त्याच्या ‘कॅरोलिना शाउट’ची छिद्रांची गुंडाळी आपोआप वाजणाऱ्या पियानोवर हळूहळू फिरवून एलिंग्टन त्याच्या बोटांच्या जागा शिकला. जॉन्सनचा शिष्य फॅट्स वॉलर. एका रात्री अशा दोघातिघांची गाठ पडली की, मग एकमेकांना खाली बसवेपर्यंत वाजवणे चाले. ती जुगलबंदी ऐकायला माणसे जिन्यावर बसत.

मला मात्र बँकवाल्याचे कर्तव्य आठवले. मी म्हणालो, “बाळ, हे लोक भाडं भरायला वाजवत होते. तुझं भाडं कोण भरणार?”

तिने उत्तर तयार ठेवले होते, हे उघड होते. शिकवण्या करीन, लग्नांत वाजवीन, रविवारी चर्चमध्ये वाजवीन, तेवढ्यात नाही भागले तर अर्धवेळ नोकरी करीन. एकेक आकडा तिने वहीत मांडला होता. तो तपासताना मला त्यात एकच चूक सापडली आणि ती विम्याच्या हप्त्याची होती. मग तिने विचारले, “आजोबा, तुम्ही का सोडलीत?”

वडिलांनी सोडायला लावली, हे उत्तर मी आयुष्यभर देत आलो. त्या गल्लीत ते तोंडातून निघेना. वडील एकदाच बोलले होते. दुसऱ्यांदा मी विचारलेच नाही. पगार चांगला होता, आणि आपण त्या गवयांच्या मागे कुठवर जाऊ याची मला भीती होती. वडिलांनी नाही म्हटले तेव्हा कुठेतरी सुटल्यासारखेही वाटले होते. हे मी तिला जसेच्या तसे सांगितले. “आणि मग काही बिघडलं का?” तिने विचारले. बापाचाच प्रश्न, त्याने तिलाही तो ऐकवला असणार. मी म्हणालो, “तुझ्या बापाचं शिक्षण झालं, गिरगावातून बोरिवलीला स्वतःची जागा झाली, तुझ्या आजीला कधी कमी पडलं नाही. हे खोटं नाही. आणि रंगभवनाच्या भिंतीबाहेर दोन तास उभा होतो, हेही खोटं नाही.”

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. उपदेश करायचा राहिला तो राहिलाच.

रात्री जेवणे झाल्यावर मुलाने मला स्वयंपाकघरात गाठले. “बोललात?”

“बोललो.”

“मग?”

“तिला ध्वनिमुद्रण पाठवू दे. घेतलीच नाही तर प्रश्न मिटला. घेतली तर तेव्हा बघू.” एक डिसेंबरपर्यंत आपल्या वादनाची मुद्रिका पाठवायची, ती पसंत पडली तरच पुढे परीक्षेला बोलावतात, असा तिथला नियम.

“बाबा, मी तुम्हांला कशासाठी पाठवलं होतं?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण भांडे जरा जोरात ठेवले गेले. मी “हो” म्हणालो. ही पुढे झाली आणि तिने दोघांना दूध दिले.

तो वर निघून गेला. दिवाणखान्यात नात पियानोशी बसली होती. “आजोबा, इकडे या. डावा हात द्या.”

मी तिच्या डावीकडे स्टुलावर टेकलो. पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे काय, हे ज्याने पेटी वाजवली त्यालाच कळेल. साठ वर्षांत त्याने भाता हलवण्यापलीकडे काही केलेले नाही. स्वर सारे उजव्याचे. डावा नुसता वारा घालणारा गडी. “फक्त खालचा स्वर. पहिल्या मात्रेला आणि तिसऱ्या मात्रेला. मधलं मी भरते,” असे म्हणून तिने माझी करंगळी एका पट्टीवर नेऊन ठेवली.

तिने लय धरली. माझी करंगळी पहिल्या मात्रेला दोन पट्ट्यांच्या मध्ये पडली. तिसरीला उशिरा पडली. ती थांबली नाही. पुन्हा पहिली, या वेळी स्वर लागला, पण त्याच्यापाठोपाठ माझा हात सवयीने भाता ओढल्यासारखा मागे गेला आणि आम्ही दोघेही हसलो. “आजोबा, हवा नका भरू!” पुन्हा सुरुवात. सात-आठ आवर्तने झाली असतील. मनगट दुखू लागले होते. मध्येच चार मात्रा सलग जमल्या, आणि त्या चारांत तिच्या उजव्या हाताने काय केले म्हणता!

जिन्यावर पाऊल वाजले. अकरा वाजून गेले होते. शेजाऱ्यांचा विचार करा, असे सांगायला मुलगा खाली येत असणार म्हणून मी हात उचलला. “चालू द्या,” तो म्हणाला, आणि खालून तिसऱ्या पायरीवर बसला.